हवापालटाला गेलेली म्हैस

सयाजीआप्पांनी गगनबावड्याला राहायला जायचं ठरवलं आणि ही गोष्ट एका बायकोला सोडून सगळ्या मंगळवार पेठेला सांगितली. चिमणाबाईंना ती कळली नळावर, कळशी भरता भरता, शेजारच्या बाळाबाईंच्या तोंडून. कळशी तिथंच ठेवून त्या घरात आल्या.

"आपुन डोंगरावर ऱ्हायला चाललोय म्हनं?"

"व्हय. तुला सांगणारच हुतो."

"कवा? तितं पोचल्यावर?"

आप्पांनी एक रंगीत कागद पुढं केला. दोन हजार तीन सालचा दसरा नुकताच झाला होता आणि डोंगरावर घरं बांधून विकणाऱ्यांचे असले गुळगुळीत कागद त्या काळात वर्तमानपत्राबरोबर घरोघरी येऊन पडत. कागदावर एक फोटो होता. वेताच्या खुर्चीत शाल पांघरून बसलेला माणूस, हातात कप, समोर धुकं. त्या माणसाच्या आसपास कोणीही बोलत नाही, हे आप्पांना फोटोतूनसुद्धा ऐकू आलं होतं. सरकारी नोकरी संपून ते घरी बसले तेव्हा त्यांना प्रथमच कळलं, की आपल्या दारासमोर भांडी ठोकणाऱ्या तांबटाचं दुकान आहे, पलीकडं तालमीचा कर्णा आहे आणि माडीवरचा भाडेकरू तबला शिकतो. तेव्हापासून बिचाऱ्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

"म्हैनाभर भाड्यानं ऱ्हाऊन बघायचं," आप्पा समजुतीच्या सुरात म्हणाले. "म्हैना सरता सरता तितली मंडळी चहाला बोलावत्यात. त्यास्नी आपुन पसंत पडलो, की घर आपलं."

"आन् मला त्ये घर पसंत पडलं न्हाय तर?"

"तर परत यायचं. पुन्यांदा डोंगराचं नावसुदीक काढणार न्हाय. तुझ्या गळ्याची आन."

"माझा गळा ऱ्हाऊ द्या जाग्यावर. म्हैन्यानं सांगीन," चिमणाबाई म्हणाल्या आणि कळशी आणायला गेल्या. तो महिना कसा सुखाचा जाईल, याची आप्पांना त्या दिवसापासून काळजी लागली. दोन परीक्षा होत्या, आणि त्यातली अवघड कुठली ते त्यांना नीट माहीत होतं.

'मेघछाया' कॉलनी फोटोत होती तशीच निघाली, हे नवलच म्हणायचं. उतरत्या छपरांची टुमदार घरं, समोर दरी, आणि सकाळी कोकणातून धुकं वर चढून थेट खिडकीशी येई. कॉलनीच्या मधोमध एक पोहण्याचा तलाव होता, तोही गरम पाण्याचा. थंडीत त्यातून वाफा निघत. फाटकावर पाटी होती, 'शांतता हीच आमची श्रीमंती'. कॉलनीचे अध्यक्ष खानोलकर साहेब मुंबईत मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले होते आणि शेजारी उभ्या माणसालाही टेलिफोनवर बोलल्यासारखं हळू बोलत. बाकीचेही तसेच कुजबुजत. आप्पांना स्वर्ग दोन बोटं उरला.

चिमणाबाईंचा आवाज मात्र नेसरीच्या शेतात तयार झालेला होता. या बांधावरून त्या बांधावर भाकरीची हाक पोचली पाहिजे, या हिशेबानं. पहिल्याच दिवशी त्यांनी ओट्यावरून "अवो, मीठ कुटं ठेवलंय" एवढंच विचारलं, तर समोरच्या तीन घरांच्या खिडक्या उघडल्या. त्यानंतर आप्पा त्यांना खुणेनं बोलायला सांगू लागले. आठवडाभरात त्या बोलायच्याच बंद झाल्या आणि खिडकीत बसून ढगाकडं बघू लागल्या. बायको भांडत नाही म्हणजे कारभार आटोपला, हे एवढ्या वर्षांच्या संसारात आप्पांना कळत होतं.

त्यात दुधाचा घोळ झाला. कोल्हापूरच्या माणसाला संध्याकाळी दुधाच्या कट्ट्यावर जाऊन, म्हशीची धार डोळ्यांदेखत पेल्यात पडताना बघून, फेसासकट दूध प्यायची सवय असते. गावात पावणं आलं तर त्याला आधी देवीला नेतात आणि मग म्हशीकडं. डोंगरावर दुपारच्या एस्टीनं पिशवीतलं दूध येई. आप्पा त्याला दूध म्हणत नसत. ते प्यायल्यावर त्यांचं तोंड असं व्हायचं, की बघणाऱ्याला वाटावं घरात कोणी आजारी आहे. शेवटी त्यांनी कट्ट्यावरच्या गुंडू गवळ्याला फोन लावला, नुसतं मन मोकळं करायला.

"आप्पा, मग एक म्हसरूच धाडतो की," गुंडू म्हणाला. "माझ्या गोठ्याचं छप्पर काडलंय. म्हशी पावण्यारावळ्याकडं वाटाय लागलोय. चंद्रीला ठेवा आठ दिवस. तिलाबी हवापालट."

आता भर चौकात म्हैस उभी असते आणि तिच्याभोवती वकील, डॉक्टर, मास्तर पेला घेऊन उभे असतात, अशा गावात वाढलेल्या माणसाच्या मनात म्हशीला कोणी हरकत घेईल हा विचार यायचा तरी कुठून? आप्पा हरखून गेले. प्रत्येक घराला मोटार ठेवायला एक पडवी होती. आप्पांकडं मोटार नव्हती, पडवी रिकामीच होती. शनिवारी दुपारी, बाकीची मंडळी वामकुक्षीत असताना, टेम्पो आला आणि चंद्री पडवीत उतरली. चिमणाबाई किती तरी दिवसांनी हसल्या. "आगं माझे बाई," म्हणून त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि पदर खोचून धार काढायला बसल्या. माहेरी त्यांनी दहा म्हशी पिळल्या होत्या, हात काही विसरला नव्हता.

दूध मात्र आलं नाही. पेंड घातली, कास कोमट पाण्यानं धुतली, गोंजारलं, दटावलं. चंद्री थंडीनं अंग चोरून उभी राहिली आणि थेंबही दिला नाही. रविवारी सकाळीही तेच.

"आखडून धरलंय बगा हिनं," चिमणाबाई काळजीनं म्हणाल्या. "कास तटतटलीया. अशीच ऱ्हायली तर सड जातील. गुंडूला काय तोंड दावायचं?"

"आज पाचला चहा हाय चिमणा. आजच्या दिवस कसं तरी निभव. उद्या बघू."

"म्हशीला चहाचं काय सांगता?"

आप्पांनी कोट चढवला, चिमणाबाई ठेवणीतलं लुगडं नेसल्या आणि निघण्यापूर्वी दोघं पडवीत डोकावले. नुसतं दावं पडलं होतं. बाहेर धुकं इतकं दाटलं होतं, की समोरचं घरही दिसत नव्हतं. काळी म्हैस पांढऱ्या धुक्यात सहज दिसावी असं कोणालाही वाटेल, पण तिथं पांढरंसुद्धा दिसत नव्हतं. दोघं चाचपडत निघाले. हाक मारायची सोय नव्हती, कारण हाक मारली तर सगळ्या खिडक्या उघडणार. आप्पा झुडपाझुडपापाशी जाऊन "चंद्रे, ए चंद्रे" असं कुजबुजत होते.

क्लबघराजवळ धुकं जरा विरळ झालं. तलावाच्या काठावर टेबलं मांडली होती, पांढरे कपडे घातलेली माणसं कप हातात धरून उभी होती आणि कोणीही चहा पीत नव्हतं. सगळ्यांची नजर पाण्यावर होती. वाफा येत होत्या, आणि त्या वाफांत मानेपर्यंत बुडून चंद्री डोळे मिटून रवंथ करत होती. रात्रभर कुडकुडलेल्या जिवाला कढत पाणी सापडलं होतं. तिची काय चूक?

"ही कोणाची आहे?" खानोलकर साहेबांनी हळू आवाजात विचारलं.

खोटं बोलावं असं आप्पांच्या मनात आलं, पण चिमणाबाई पुढं झाल्या. "आमची हाय. पावणी आलीया."

आप्पांनी डोळे मिटले. महिनाभर जपलेलं घर त्यांना पाण्यात गेलेलं दिसलं. खानोलकर साहेबांनी रखवालदाराला काठी आणायला सांगितलं, तर चिमणाबाईंनी ती रखवालदाराच्या हातातून काढून घेतली. "भरल्या कासंच्या म्हशीला काठी दावायची न्हाय," त्या म्हणाल्या, आणि अख्खी कॉलनी दोन पावलं मागं सरकली. पेंड दाखवून झाली, दावं टाकून झालं. चंद्रीनं कान हलवला, एवढंच.

आप्पांनी क्लबघरातून गुंडूला फोन लावला.

"भाईर येत न्हाय? आन् दूध?"

"दूध तर कालपासनं न्हाय."

"आप्पा, तितं गलका हाय का?"

"छ्या. लई शांत हाय."

"मग कशी पान्हा सोडंल?" गुंडू वैतागला. "रेडकू हुती तवापासनं कट्ट्यावर उभी हाय ती. गाड्यांचं हॉर्न, मान्सांची भांडणं, त्याशिवाय तिनं कवा धार दिली न्हाय. शांततेत तिला वाटतं, काय तरी इपरीत घडलंय. दंगा करा की जरा."

आप्पा तलावावर परत आले आणि खाली मान घालून खानोलकर साहेबांना म्हणाले, "साहेब, दंगा करावा लागंल."

"इथं? आपल्याकडं नियम आहे."

"मग म्हैस इथंच ऱ्हाईल. नियमात बसंल ती."

आप्पांनी घसा साफ केला आणि गेल्या रविवारच्या फुटबॉल सामन्यातल्या पंचाला चार शिव्या हासडल्या. चंद्रीनं एक डोळा उघडला. पण एकट्यानं कट्टा होत नाही. कट्ट्याला उलट बोलणारा लागतो. आप्पांनी आशेनं भोवती बघितलं. पुण्याहून आलेली श्रुती म्हणून एक तरुण बाई होती, रोज सकाळी हिरवळीवर योगासनं करायची. तिला दया आली.

"काका, मी काय बोलू? मला फुटबॉलमधलं कळत नाही."

"काय बी बोल. खाण्यापिण्याचं बोल."

"बरं. मला पुण्याची मिसळ आवडते. कोल्हापूरची नुसतीच तिखट असते."

आप्पा क्षणभर म्हैस विसरले. "नुसती तिखट?" त्यांचा आवाज दरीत जाऊन परत आला. "आन् तुमी काय करता? पोहे घालता मिसळीत. पोहे. मान्सं हाईसा का कोण?"

"निदान आमच्याकडं चव तरी कळते!" श्रुतीचाही आवाज चढला.

"दोघांचंही चूक आहे," खानोलकर साहेब हळूच म्हणाले. "मिसळ दादरला मिळायची."

"ह्ये बघा, म्हमईकरांनी मिसळीत पडू नये."

"का पडू नये?" खानोलकर साहेबांचा चेहरा लाल झाला आणि जन्मात पहिल्यांदा असावा असा आवाज त्यांच्या तोंडून निघाला. "मी तीस वर्षं दादरला राहिलोय! माझ्यासमोर मिसळीच्या गोष्टी सांगता?"

मग कोणी कोणाला आवरलं नाही. नागपूरच्या एका जोडप्यानं तर्रीची बाजू घेतली. नाशिकच्या एका डॉक्टरांनी टेबलावर मूठ आपटली, कप खाली पडले. इतके दिवस गिळलेले शब्द सगळ्यांच्या तोंडून एकदम बाहेर पडत होते आणि सगळ्यांचे चेहरे तजेलदार दिसू लागले होते. चंद्री केव्हा पायऱ्या चढून काठावर आली, ते कोणी बघितलंच नाही. बघितलं तेव्हा चिमणाबाई ठेवणीतलं लुगडं खोचून तिच्या कासेशी बसल्या होत्या आणि बादलीत दोन्ही हातांनी धारा वाजत होत्या. बघताच सगळी मंडळी चपापून गप्प झाली.

"गप का झालासा?" चिमणाबाई ओरडल्या. "भांडा की. अजून दोन सडं ऱ्हायल्यात."

भांडण जोमानं पुन्हा सुरू झालं. बादली भरली. चहाचे कप रिकामे करून त्यात फेसाळ दूध ओतलं गेलं. श्रुतीच्या वरच्या ओठावर पांढरी रेघ उमटली, ती तिनं पुसली नाही. खानोलकर साहेबांनी तीन कप घेतले आणि मोठ्यानं, अगदी खणखणीत आवाजात जाहीर केलं, की सयाजीरावांना घर द्यायला कमिटीची काही हरकत नाही. मात्र तलावाचं पाणी बदलून घ्यावं.

आप्पांनी जग जिंकलं. एक परीक्षा झाली होती, अवघड परीक्षा बाकी होती. महिना पुरा व्हायला चार दिवस होते आणि चिमणाबाई काही बोलत नव्हत्या. आप्पा मनातल्या मनात भाषण जुळवू लागले. हवा कशी चांगली, गुडघे कसे दुखायचे थांबले, आणि मुख्य म्हणजे ही शांतता.

पण शांतता होती कुठं? रोज पाचच्या ठोक्याला सगळी कॉलनी पेले घेऊन आप्पांच्या दारात जमू लागली. धार निघेपर्यंत भांडायचं, हे तर कर्तव्यच होतं, पण धार निघाल्यावरही कोणी थांबेना. सकाळच्या धारेला दुसरी तुकडी यायची. खानोलकर साहेब तर कोपऱ्यावरूनच विषय घेऊन ओरडत येत. आप्पांनी कानात कापूस घालून बघितला. त्यातूनही साहेब ऐकू येत होते.

महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी आप्पा पायरीवर बसले होते. पडवीत नाशिक आणि नागपूर यांचं जुंपलं होतं. चिमणाबाई हात पुसत बाहेर आल्या आणि शेजारी टेकल्या.

"चिमणा," आप्पा चाचरत म्हणाले, "मी काय म्हनतो, पेठेतलं आपलं घर काय एवढं वाईट न्हाय. दुपारी तांबट जेवायला जातोय. तासभर तरी निवांत असतंय. तुझं मन लागत नसंल तर परत जाऊया. माझी काय हरकत न्हाय."

"आता कसं जायचं?" चिमणाबाई म्हणाल्या. "घर भाड्यानं दिलंय मी."

"कुणाला?"

"गुंडूला. त्याच्या थोरल्याचं लगीन ठरलंय, खोल्या पायजे हुत्या. म्हनलं, ऱ्हावा. भाड्याच्या बदली चंद्री हिकडंच ऱ्हाईल." त्यांनी समोर बघितलं. धुकं ओसरून दरी उघडी पडली होती आणि त्यांचा चेहरा आप्पांनी लग्नानंतर इतका मोकळा फार वेळा बघितला नव्हता. "मला लई आवडलं बगा हितं. हवा ग्वाड हाय. आन् तोंड भरून बोलाय मानसं हाईत. पेठेत समदी टीव्हीम्होरं बसत्यात, कोन बोलतंय कुनाशी?"

आप्पांना हसू फुटलं. पाठ केलेलं सगळं भाषण वाया गेलं होतं आणि त्यांना जे हवं होतं ते, म्हणजे जे महिन्यापूर्वी हवं होतं ते, अगदी न मागता मिळालं होतं. त्यांनी बायकोकडं बघितलं आणि पुन्हा हसले. इतकं बरं त्यांना त्या फोटोतल्या खुर्चीत बसूनही वाटलं नसतं.

"सयाजीराव," पडवीतून खानोलकर साहेबांची आरोळी आली, "हे डॉक्टर म्हणतायत, पांढऱ्या रश्श्यात बटाटा घालतात."

"जावा," चिमणाबाई म्हणाल्या. "बोलवाय लागल्यात."

"कोण म्हनतंय बटाटा?" आप्पा गरजले आणि बाह्या सावरत उठले.