पेडलचं खातेवाटप

रविवारी चार वाजता ऑफिसचा वाद्यवृंद घरी येणार आहे, ही बातमी आरेखकाने बायकोला ती दात घासत असताना दिली. त्या अवस्थेत ती बोलू शकत नाही, हा त्याचा जुना अनुभव होता. तिने सावकाश चूळ भरली, नॅपकिनला तोंड पुसलं आणि विचारलं, "किती जण?"

"तिघंच. मुख्य अभियंता गातात, भांडारपाल ड्रम वाजवतो, टंकलेखिकाबाई कीबोर्डवर. गिटारवाल्याची बदली झाली ना, ती जागा रिकामी आहे."

"मागे दोनदा तुम्हाला नको म्हणाले होते."

"नको नाही म्हणाले. विचाराधीन ठेवलंय."

आरेखक पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे काढत असे, आणि बावीस वर्षं एकही नळ त्याने चुकीच्या गल्लीत वळवला नव्हता. गिटारच्या बाबतीत मात्र बोटं कुठे वळतील याचा भरवसा नव्हता. दोन्ही वेळा त्याने "सेटिंग नीट लागलं नव्हतं" असं कारण दिलं होतं. शेवटी मुख्य अभियंता म्हणाले, "मग आम्हीच घरी येतो. सेटिंगसकट ऐकतो. त्यानंतर मात्र विषय बंद." आता तिसऱ्यांदा नापास झालं तर ऑफिसच्या समारंभात त्याला उरलेली सगळी वर्षं खुर्च्या मोजायचं काम करावं लागणार होतं.

या वेळी सेटिंगसाठी त्याने एक नवा डबाच विकत आणला होता. गिटारचा आवाज बदलणारी पेडलं एरवी पायाने दाबतात. या डब्यावर दाबण्यासारखं काही नव्हतंच. गिटारची वायर डब्यात, डब्याची स्पीकरमध्ये, आणि सगळी बटणं ब्राउझरमधल्या एका पानावर. अडचण एवढीच होती की वाजवताना दोन्ही हात गुंतलेले. आवाज बदलायचा तर वाजवणं थांबवायला लागे, आणि वाजवणं थांबलं की बदललेला आवाज ऐकू येत नसे.

म्हणून त्याने ते पान बायकोला तिच्या फोनवर उघडून दिलं. घरच्या वाय-फायवरच्या कुठल्याही फोनवर ते उघडतं, पानाला वेगळा पासवर्डसुद्धा लागत नाही, हे त्याने कौतुकाने सांगितलं.

"म्हणजे हे खाली ओढलं की तुमचा आवाज कमी होतो?"

"गिटारचा."

"तेच ते," ती म्हणाली, आणि फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली.

संध्याकाळपर्यंत मुलीनेही ते पान उघडलं. तिला घुमारा आवडला. बाबाचा एक सूर सात वेळा ऐकू यायला लागला, म्हणून बायकोने आवाज खाली ओढला. ऐकू येईना म्हणून मुलीने घुमारा वाढवला. मग आरेखकाच्या आईनेही फोन पुढे केला. "मलाही द्या ते. घरात सगळ्यांकडे आहे आणि मीच तेवढी परकी." पडद्यावरची बटणं तीन दिशांनी ओढली जाऊन थरथरायला लागली.

सरकारी माणूस गोंधळ पाहून घाबरत नाही, तो वाटप करतो. आरेखकाने मोठ्या कागदावर डब्याचा नकाशा काढला, प्रत्येक बटणाला क्रमांक दिला आणि कागद फ्रिजवर चिकटवला. आवाज बायकोकडे. घुमारा मुलीकडे. लूप आईकडे. लूप म्हणजे वाजवलेलं साठवून तेच पुन्हा पुन्हा ऐकवणारं बटण. हे खातं सगळ्यात निरुपद्रवी वाटलं. तळाशी टीप होती, दुसऱ्याच्या बटणाला हात लावू नये.

शुक्रवारी खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर लेखी तक्रार घेऊन वर आले. "तुमच्या गिटारला खरखर फार आहे," ते म्हणाले.

"सर, ती मुद्दाम ठेवतात. तिला डिस्टॉर्शन म्हणतात."

"आमच्या शाळेत असल्या गोष्टीला आम्ही दुसरं काही म्हणत असू."

खरखरीचं खातं रिकामंच होतं. ते सरांकडे गेलं. सरांनी तक्रार घडी घालून खिशात ठेवली आणि वाय-फायचा पासवर्ड वहीत उतरवून घेतला.

रविवारी पाहुणे वेळेवर आले. भांडारपालाने ड्रमऐवजी सोफ्याचा हात निवडला. टंकलेखिकाबाई खिडकीशी बसल्या आणि मुख्य अभियंता समोर, हाताची घडी घालून. बायको, मुलगी आणि आई आपापले फोन घेऊन भिंतीशी रांगेत बसल्या.

"या तिघी?" साहेबांनी विचारलं.

"सेटिंग," आरेखक म्हणाला.

त्याने सुरुवात केली. पहिल्या ओळीतच आवाज गेला, कारण साहेब खोकले आणि पाहुणा बोलतोय असं वाटून बायकोने शिष्टाचार पाळला. मुलीने भरपाई म्हणून घुमारा दिला. खालच्या मजल्यावर वाय-फाय कमी पोचत असल्याने हेडमास्तरांची खरखर दोन मिनिटं उशिरा येत होती. मधेच, कुणी न मागता, गिटार ट्रकसारखी घरघरली आणि थांबली.

"हे काय होतं?" टंकलेखिकाबाईंनी विचारलं.

"खालचे सर आहेत," मुलगी म्हणाली. "त्यांना जरा उशिरा कळतं."

तेवढ्यात आईने लूप दाबलं. काल दुपारी लेकाने हेच गाणं एकदा, आयुष्यात एकदाच, न चुकता वाजवलं होतं. आईने ते जपून ठेवलं होतं. आता खोलीत दोन गिटारी वाजायला लागल्या, एक कालची आणि एक आजची, आणि आजची कालचीच्या मागे लंगडत धावत होती. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. भांडारपालाने सोफा वाजवायचं थांबवलं.

आरेखकाला घाम फुटला. आता नाहीतर कधीच नाही, असं म्हणून तो ताडकन उभा राहिला, डोळे मिटले आणि सगळा जीव बोटांत आणून वाजवू लागला.

आणि काय आश्चर्य, सूर जुळले. लंगडणं गेलं. बायकोने बोट स्थिर ठेवलं, घुमारा बेताचा आला, सरांची खरखरसुद्धा योगायोगाने नेमक्या जागी पडली. सोफा पुन्हा वाजू लागला. साहेब चक्क गुणगुणले. आरेखकाला वाटलं, हेच ते, कलाकाराला जे केव्हातरी सापडतं. त्याने शेवटचा सूर छेडला आणि गिटारवरचा हात उचलून हवेत धरला.

गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

त्याने डोळे उघडले. गिटारची वायर त्याच्या पायाशी पडली होती. उठताना निघालेली असावी. आईने घाईघाईने लूप बंद केलं.

"साहेब," आरेखक खाली मान घालून म्हणाला, "मी खोटं बोलणार नाही. वायर सुटली होती."

"आम्ही बघितलं," साहेब म्हणाले. "ती सुटल्यापासूनच जमलं."

"म्हणजे मी..."

"तुम्ही वाद्यवृंदात आहात. तुम्ही, या तिघी आणि ते खालचे सर. फक्त वायर आहे तशी राहू द्या."

टंकलेखिकाबाईंनी त्याचं अभिनंदन केलं. उभं राहून वाजवण्याची पद्धत फार छान आहे, डोळे मिटणं तर विशेष, असं त्या म्हणाल्या. भांडारपालाने निघताना विचारलं की त्याच्या घरच्यांसाठी एखादं बटण शिल्लक आहे का.

तेव्हापासून आरेखक रोज संध्याकाळी तासभर सराव करतो. आई लूप लावते आणि समोर खुर्ची टाकून बसते. तो डोळे मिटून, जीव ओतून, वायर न लावता वाजवतो.

"थांब," आई लूप बंद करून म्हणते. "दुसऱ्या ओळीत तुझा हात मागे राहिला."

"आई, कुणाला ऐकू येणार आहे?"

"ऐकू येत नाही म्हणून तर सगळे बघणार. पहिल्यापासून घे."

आणि तो पहिल्यापासून घेतो.