पियानोवाली सज्जन

सज्जन पियानो वाजवता वाजवता मधेच तोंडाने "टँ!" असं ओरडायची.

पहिल्यांदा ऐकणारा दचकायचाच. छान चाल चाललेली, बोटं पट्ट्यांवरून भराभर पळताहेत, आणि एकदम टँ! की लगेच बोटं पुढे, जसं काही झालंच नाही. कारण अगदी साधं होतं. तिच्या पियानोच्या बऱ्याच पट्ट्या मुक्या झाल्या होत्या. दाबली तर खट् एवढंच वाजायचं. मग त्या पट्टीचा सूर सज्जन स्वतः पुरवायची.

"हा वारला," एकेका पट्टीवर बोट ठेवून ती ओळख करून द्यायची. "हा आजारी आहे. आणि हा माहेरी गेलाय, थंडीत परत येईल."

सज्जन हे मुलीचं नाव आहे हे आधी सांगायला हवं होतं. मारवाड्यांत ठेवतात. आमच्या धुळ्याच्या मुलींच्या शाळेत ती नववीत माझ्या बाकावर आली, तेव्हा हजेरी घेताना बाईंनी चष्मा वर करून विचारलं होतं, "सज्जन कोण?" वर्गातल्या सगळ्यांनी हात वर केले. पुढचं वर्षभर तोच विनोद चालला. सज्जनला त्याचं काही वाटत नसे. ती बाकावर बोटं नाचवत बसलेली असायची. बाक मिळाला नाही तर दप्तरावर, दप्तर नसलं तर माझ्या पाठीवर. भूगोलाच्या तासाला माझ्या पाठीवर जे काही वाजलं आहे ते ऐकू आलं असतं, तर मी आज मोठी संगीततज्ज्ञ असते.

तिचे वडील नेमीचंदशेठ कापसाचे व्यापारी. आग्रा रोडला त्यांची पेढी, मागे गोदाम, वर राहतं घर. भुसावळला एक गोरा साहेब बंगला आवरून विलायतेला निघाला, तेव्हा शेठ त्याच्याकडचा मोठा वजनकाटा घ्यायला गेले होते. साहेब म्हणाला, काटा हवा तर पियानोही न्या. शेठ काट्यासाठी पियानो घेऊन आले. काटा पेढीवर गेला आणि पियानो गोदामात, सरकीची पोती आणि पेंडीच्या थप्पीमध्ये. सज्जन तेव्हा एवढीशी होती. मिशनच्या दवाखान्यात एक मेट्रनबाई होत्या, त्यांनी चार वर्षं तिला शिकवलं. पुढे बाईंची बदली जळगावला झाली आणि सज्जन, पियानो आणि सरकी असे तिघंच उरले.

पियानोला ती आबा म्हणायची.

"वयानं मोठे आहेत," ती मला म्हणाली, "नावानं कशी हाक मारू?"

सज्जनच्या भाषा तीन. घरी मारवाडी, शाळेत बाईंना आवडेल असं मराठी, आणि गोदामात हमालांबरोबर लहानाची मोठी झाल्यामुळे फर्डी अहिराणी. आबांशी ती अहिराणीतच बोलायची. पट्टी अडकली की कानाशी वाकून विचारायची, "आबा, का रुसनात?" आणि पियानोच्या पोटात हात घालून मूठभर सरकी बाहेर काढायची.

हातांना मात्र फार जपायची. बादली उचलायची नाही, शेंगा फोडायच्या नाहीत, खो-खोत पाटीवर बसायचं पण खो द्यायचा नाही. हिवाळ्यात वडिलांचे लोकरीचे पायमोजे हातात घालून शाळेत यायची. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, "हे काय गं?" तर म्हणाली, "बाई, पायांना काही काम नसतं."

आम्ही अकरावीत गेलो आणि शाळेत वाणी सर आले. गाण्याचे मास्तर. उंच, किडकिडीत, आणि उत्साह इतका की बोलताना टाचा जमिनीला लागायच्या नाहीत. रेडिओवर त्यांनी कधीतरी कन्चेर्टो नावाचा प्रकार ऐकला होता. सज्जनकडे पियानो आहे हे कळलं त्या दिवशी ते वर्गात आले आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: कन्चेर्टो.

"पियानो म्हणजे राजा," ते म्हणाले. "आणि वाद्यवृंद म्हणजे प्रजा. राजा बोलतो, प्रजा ऐकते. मग राजा गप्प बसतो आणि प्रजा बोलते. मग दोघांचं भांडण. शेवटी सगळे एक होतात. स्नेहसंमेलनात आपण हे करणार. रचना मी करतो."

आणि केलीही. रागही विचार करून निवडला, भूप. भूपात म आणि नी लागत नाहीत, आणि आबांचे म आणि नी जवळजवळ सगळे वारलेले होते.

प्रजा मात्र यथातथाच होती. दोन व्हायोलिन, तीन बुलबुलतरंग, एक बासरी, पेटी, तबला, एनसीसीचा ढोल आणि माझं जलतरंग. म्हणजे आईच्या चिनी मातीच्या वाट्या आणि पाण्याचा तांब्या. शाळेच्या शिपायाला कन्चेर्टो म्हणता येईना. तो वर्गावर येऊन सांगायचा, "कचोरीवाल्या मुलींना सरांनी बोलावलंय." दुसऱ्या दिवशी सज्जन तालमीला खरोखरच कचोऱ्या घेऊन आली. ढोलवाली कुसुम त्या दिवसापासून एकही तालीम चुकली नाही.

तालीम गोदामात व्हायची, शाळा सुटल्यावर. आम्ही पोत्यांवर बसायचो. हवेत कापसाचा भुगा, बासरीवालीला सतत शिंका. आणि अडचण एकच, सज्जन थांबायची नाही.

राजाने गप्प बसायची जागा आली की सज्जन दोन क्षण कशीबशी दम धरायची. आम्ही नुकती सुरुवात करतोय तोच "आले मी!" असं जाहीर करून ती पट्ट्यांवर तुटून पडायची.

"सज्जन, थांब!" वाणी सर चवड्यांवर उठायचे. "प्रजेला बोलू दे!"

"बोलू द्या ना सर. मी कुठे अडवलंय?"

"तू वाजवतेस, त्यांचं ऐकू कसं येणार?"

"बरं. आता थांबते."

पुन्हा सुरू. पुन्हा आमची जागा. आम्ही सा-रे-गपर्यंत पोचलो नाही तो: "आले मी!"

सरांनी सगळे उपाय केले. तिला मनात आकडे मोजायला सांगितलं, ती भरभर मोजायची. हात मांडीखाली दाबून बसायला सांगितलं, तर तिनं पाय वाजवायला घेतले. शेवटी सर म्हणाले, "असू दे. आमचा राजा उतावळा आहे, लोक समजून घेतील."

खरा प्रश्न वेगळाच होता. शेठांना विचारायचं कोणी?

वाणी सर मलाच बरोबर घेऊन पेढीवर गेले. नेमीचंदशेठ गादीवर बसलेले, पांढरी टोपी, शब्द मोजून. सरांनी राजा, प्रजा, भांडण, सगळं सांगितलं. शेठांनी ऐकून घेतलं.

"पियानो न्या," ते म्हणाले. "सज्जन येणार नाही."

"पण शेठजी, वाजवणार कोण?"

"ते तुम्ही बघा, मास्तर. जळगावच्या मंडळींशी तिच्या लग्नाचं बोलणं चाललंय. चार लोकांसमोर स्टेजवर मुलगी बसवायची नाही मला."

सर परत येताना पहिल्यांदाच पूर्ण पावलांवर चालले.

मी सज्जनला सांगितलं. ती रडली नाही की चिडली नाही. फक्त एवढंच विचारलं, "आबांना न्यायला परवानगी आहे ना?"

"आहे."

"मग त्यांना एकट्यांना कसं पाठवायचं? त्यांनी कधी घर सोडलंय का?"

संमेलनाच्या दिवशी दुपारी गोदामाच्या मागच्या दाराशी दगाभाऊंची बैलगाडी लागली. सहा हमालांनी आबांना गाडीवर चढवलं, दोर आवळले. मी वाट्यांची टोपली घेऊन चढले. आणि बघते तर सज्जन पुढे, सरकीच्या पोत्यावर, पियानोसमोर बसलेली. निळी साडी, दोन वेण्या, हातात पायमोजे.

"अगं, शेठ?"

"मी स्टेजवर कुठे बसलेय? मी गाडीत बसलेय. आबांना सोडून येते." तिनं पायमोजे काढले. "चाला दगाभाऊ."

गाडीला पहिला हिसका बसला आणि आबांच्या पोटातून असा काही कल्लोळ उठला की गल्लीतली कुत्री उभी राहिली. "घाबरू नका आबा," म्हणत सज्जननं वाजवायला सुरुवात केली. भूप! भर आग्रा रोडवर! खड्डा आला की दोन सूर जास्तीचे, मुकी पट्टी आली की टँ! सायकलवाले उतरून चालायला लागले. चहाच्या दुकानातली गिऱ्हाइकं बशा हातात घेऊन बाहेर आली. एका म्हाताऱ्या आजींनी लग्नाची वरात समजून मला विचारलं, "नवरदेव कथा शे वं?" मी आबांकडे बोट दाखवलं. मला दुसरं काही सुचेना.

"बैलेसले आवडना हाऊ बाजा!" दगाभाऊ ओरडले. खरंच, बैल ठेक्यात चालत होते.

मागे ही गर्दी जमली. आणि समोर पेढी आली.

शेठ पायरीवर उभे होते. अनवाणी. गाडी थांबली, गर्दी थांबली. भूप मात्र थांबला नाही.

"सज्जन, खाली उतर."

"उतरते, बाऊजी. पण मागचा दोर सुटलाय. मी उतरले तर आबांना कोण धरणार?"

शेठ मागे गेले. दोर खरंच सुटला होता. पियानो एका अंगाला कलला होता आणि हमाल तर तो उतरवून घ्यायला आधीच शाळेकडे गेले होते. शेठांनी एकदा गर्दीकडे पाहिलं, एकदा पियानोकडे. आणि टोपी नीट करून मागून दोन्ही हातांनी पियानोला टेका दिला. "चला," ते दगाभाऊंना म्हणाले. "हळू."

अशी आमची वरात शाळेपर्यंत गेली. पुढे सज्जन वाजवतेय, मागे धुळ्यातले मोठे कापूसव्यापारी अनवाणी ढकलताहेत. फाटकात मुख्याध्यापिकाबाई स्वागताला उभ्या होत्या. त्यांना अगदी गहिवरून आलं. "शेठजी, आपण स्वतः! केवढं हे संगीतप्रेम!" त्यांनी प्रमुख पाहुण्यांसाठी आणलेला हार शेठांच्या गळ्यात घातला आणि त्यांना पहिल्या रांगेत, मधोमध नेऊन बसवलं. हार घातलेल्या माणसाला कशालाही नाही म्हणता येत नाही. शेठ बसून राहिले.

संध्याकाळी पडदा वर गेला. मंडप भरलेला. वाणी सर फूटपट्टी घेऊन आमच्यासमोर उभे, टाचा कधीच हवेत गेलेल्या.

राजा बोलू लागला. सज्जन काय वाजवत होती! प्रवासाच्या धक्क्यांनी आबांचा मधला एक ग नेमका त्याच दिवशी गेला, आणि भूपात ग तर पावलोपावली. टँ! लोक हसले. पुन्हा टँ! पुन्हा हसले. तिसऱ्यांदा मंडपातली सगळी पोरं तिच्याबरोबर "टँ!" म्हणाली आणि सज्जन खूश होऊन मान डोलवू लागली.

मग तिनं हात उचलले. आमची पाळी आली.

मी काड्या हातात घेतल्या आणि मनाशी म्हटलं, आता येईल "आले मी!" कुसुमही ढोलावर काठी धरून वाट बघत होती. आम्ही सा-रे-ग वाजवलं. सज्जन आली नाही. पुढे गेलो. कधी नव्हे ते आम्ही आमचा तुकडा शेवटपर्यंत वाजवला. व्हायोलिन, बासरी, माझ्या वाट्या, सगळं एकमेकांत कसं मिसळतं ते आम्हीही पहिल्यांदाच ऐकत होतो. तुकडा संपला. आता तिची जागा.

सज्जन गप्प.

सरांनी फूटपट्टी तिच्याकडे रोखली. काही नाही. सरांनी आम्हाला खूण केली, पुन्हा! आम्ही तोच तुकडा पुन्हा वाजवला. लोकांना वाटलं असंच असतं. पुन्हा तिची जागा आली, पुन्हा शांतता. "परत!" सर कुजबुजले. त्यांच्या कपाळावर घाम. आम्ही तिसऱ्यांदा सुरू केलं. मी वाजवता वाजवता तिच्याकडे पाहिलं. ती पियानोकडे पाठ करून, स्टुलावर पूर्ण वळून आमच्याकडे तोंड करून बसली होती. हात मांडीवर. बोटं हलत नव्हती. तिची बोटं स्वस्थ मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

"सज्जन!" सर रडकुंडीला आले.

आणि पहिल्या रांगेतून आवाज आला. मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"सज्जन बेटा, वाजव ना."

शेठ हारासकट उभे राहिले होते.

सज्जन दचकली. वडिलांकडे पाहिलं. मग "आले मी!" म्हणून ती गर्रकन वळली, आणि त्यानंतर राजा आणि प्रजा यांचं जे भांडण झालं, त्यात कोण कुठे होतं ते सरांनाही सांगता आलं नसतं. कुसुमच्या ढोलाचं एक कातडं फुटलं. माझी एक वाटी गेली. शेवटच्या सुराला आम्ही सगळ्या मात्र एकाच वेळी पोचलो. टाळ्या पडत होत्या आणि वाणी सर चक्क उड्या मारत होते.

नंतर मागच्या वर्गात मी वाट्या पुसून टोपलीत भरत होते. बाकीच्या मुली बाहेर आइसफ्रूट खायला पळाल्या होत्या. सज्जन माझ्याशेजारी खाली बसली आणि वाट्यांमध्ये वर्तमानपत्राचे तुकडे घालू लागली.

"काय झालं होतं गं तुला?" मी विचारलं. "विसरलीस?"

"नाही. ऐकत होते."

"रोज तर ऐकतेस."

"रोज नाही ऐकायचे." तिनं एक वाटी कागदात गुंडाळली. "घरी मी हात उचलला ना सुमन, की सगळं बंद होतं. पुढे पेढीवर बाऊजी हिशोबात, वर घरात कोणी नाही. आई होती तेव्हाचं मला आठवत नाही. म्हणून मी हात उचलतच नाही. आज म्हटलं, सर एवढं सांगताहेत तर थांबून बघू. आणि तुम्ही वाजवतच राहिलात."

मी आणखी एक कागद फाडून तिच्यापुढे सरकवला. तिनं पुढची वाटी घेतली. ती गुंडाळून झाली तरी हातातच धरून ठेवली.

"उद्या तालीम किती वाजता?" तिनं विचारलं.

संमेलन तर झालं होतं. उद्या कसली तालीम, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

"शाळा सुटल्यावर," मी म्हटलं. "सगळ्यांना सांगते."