महाराजांवरील दिव्याची व गोजराबाईच्या चवरीची हकीकत

॥ जी ज्योत कोणास दिपवीत नाही आणि सर्वांस पाहते, तीस दुरूनच दंडवत ॥

दीपशक सातवे, मार्गशीर्ष शुद्ध त्रयोदशी, प्रहर दिवस चढला असता, सिंहासनामागे चवरी वारणारी गोजराबाई हळूच पुटपुटली की, "मेला हा खांदा! निखळून हातात यायचा आता." शेजारी म्हातारा मानाजी हुजऱ्या विड्याचे तबक धरून उभा होता, तो ओठ न हलविता म्हणाला, "बाई, कण्हायचं तेवढं कण्हा, पण हात हलता असू द्या." गोजराबाईने हात हलता ठेविला. त्याचे कारण ऐसे जे, सात वर्षांमागे दूरदेशींचा एक कारागीर दरबारी आला आणि अर्ज केला की, आपले मशालजी डोळे दिपवितात, धूर करितात, माणूस एकीकडे आणि उजेड भलतीकडे. मी ऐसे दिवे देतो की माणूस चालेल तैसे त्याचे माथ्यावरून चालतील, थांबेल तेथे थांबतील, त्याने वर पाहिले तर आपण होऊन मंद होतील, आणि माणूस नाही तेथे जळणार नाहीत. महाराज बहुत संतोष पावले आणि दिवे बसविले, मग उन्हाने दिव्यांची नजर बिघडते म्हणोन दालनाच्या खिडक्या दगडविटांनी बुजविल्या, आणि मशालजींस नारळ देऊन वाटेस लाविले. दिव्यांस खोड एकच निघाली. हलेल त्यास माणूस समजावे, न हलेल त्यास भिंत. दहा श्वास कोणी स्तब्ध राहिला की त्याजवरील दिवा विझे. एक वृद्ध सरदार बसल्या जागी पेंगले ते अंधारात गेले आणि दुसरे सरदार येऊन त्यांचे मांडीवर बसले, तेव्हांपासून दरबारी मंडळींनी सदा मान हलवीत राहण्याचा रिवाज पाडिला. आणि मान हलली म्हणोन दिवा राहिला, आणि मान हलली म्हणोन मसलतही मंजूर जाहली. महाराजांस वाटे, सर्वांस पटते.

गोजराबाईच्या आईच्या अंगावर महाराज प्यालेले, म्हणोन सगळ्या राज्यात ती एकटीच त्यांस दादा म्हणे. घोड्यावरून पडून त्यांचा डावा पाय अधू जाहला होता, त्यामुळे महाराज चालू लागले की त्यांचा दिवा दोन पावले झरझर जाई आणि तिसरे ओढीत नेई, आणि गोजराबाई पाठमोरी असली तरी भिंतीवरचा उजेड पाहून ओळखी की दादा आले. दिवाळी सरल्यावर एके दिवशी महाराज तिजला म्हणाले, "गोजरे, सात वर्षांत मला माझी सावली दिसली नाही गं. हा उजेड पडू देत नाही." ती म्हणाली, "सावलीचं काय लोणचं घालायचंय, दादा?" महाराज हसले आणि मग म्हणाले, "माझे डोळे मिटले की ही पूर्वेची खिडकी फोडायला लाव. मला उन्हातून ने. ह्या दिव्यांखाली ठेवू नकोस." ती म्हणाली, "काहीतरीच बोलता," आणि त्यांच्या हातावर हात ठेवून वचन दिले.

मग दशमीस महाराज सिंहासनी विराजमान जाहले आणि "गार वाटतं," इतकेच बोलून लोडास टेकले. वैद्यबोवांनी मनगट धरिले, बहुत वेळ धरिले, आणि अंतोबा कारभाऱ्याकडे पाहून म्हणाले, "विश्रांती पाहिजे." इतक्यात महाराजांवरील दिवा मावळू लागला, तों कारभारी गोजराबाईच्या कानाशी येऊन म्हणाले, "चवरी जवळून वार. हात थांबला तर हात राहणार नाही, समजलीस?" तिने जवळून वारिली आणि दिवा पुन्हा लागला. दरबारात जाहीर जाहले की महाराजांनी मौन धरिले आहे, अन्न घेणार नाहीत, त्रयोदशीस कारभाऱ्यांच्या भाच्यास दत्तक घेतील, आणि मग त्याच आसनी समाधिस्थ होतील, दालनाचे दार चिणून घ्यावे. तेव्हांपासून दिवस उजाडला की गोजराबाईने चवरी वारावी, दिवस बुडाला की दालनास कुलूप पडावे आणि दादा आत अंधारात राहावे, ऐसे चालले. ऊद आणि चंदन यांचा धूर दुप्पट केला. उजेड तर इतका सौम्य की त्यात जिवंत माणसांचा आणि महाराजांचा रंग एकच दिसे. मंडळी येत, मुजरा करीत, "आज तब्येत बरी दिसते," म्हणत, आणि घाईने माघारी फिरत. राणीसाहेब उमाबाई चिकाच्या पडद्याआड बसून होत्या, त्यांनी तीन दिवसांत पडदा सारिला नाही.

ती त्रयोदशी उजाडली. कारभाऱ्यांनी दत्तकपत्र वाचिले आणि विचारिले, "महाराजांची आज्ञा आहे ना?" दरबाराच्या माना रिवाजाप्रमाणे हलतच होत्या. तों चवरीच्या वाऱ्याने महाराजांच्या शिरपेचाचा तुरा हलला, पुढे झुकला, मागे आला. "आज्ञा जाहली!" ऐसा पुकारा जाहला. गोजराबाईने तो तुरा पाहिला आणि आपला हात पाहिला, आणि तिजला कळले की दादांस ह्या दिव्यांखाली चिणण्याचा होकार आपणच देत आहों. तिने चवरी खाली ठेविली. मानाजी कुजबुजला, "बाई, हे काय?" कारभारी दातांवर दात ठेवून म्हणाले, "वार!" तिने हात पदराखाली घेतला. दहा श्वास जाहले आणि महाराजांवरील दिवा विझला.

ते पाहताच दरबारी जागीच थिजले आणि सात वर्षांत प्रथम सर्वांच्या माना थांबल्या. मग सरदारांवरले दिवे विझले, वैद्यबोवांवरला विझला, शेवटी कारभाऱ्यांवरला. ऐसा काळोख जाहला की डोळे उघडे की मिटले ते कळेना. आणि कोणी हलेना, कारण जो हलेल तो एकटा दिसेल.

मग सिंहासनावर दिवा लागला. कोणी हलले नव्हते. दिवा पायरीवर उतरला आणि गालिच्यावरून चालू लागला, दोन पावले झरझर आणि तिसरे ओढीत. सरदारांपुढून गेला, त्यांनी श्वास कोंडले. कारभाऱ्यांपुढे थोडका थांबला, आणि त्या उजेडात त्यांच्या हातातले दत्तकपत्र पांढरे दिसले, आणि दिव्याखाली गालिच्यावाचून काही नव्हते. पुढे दिवा पूर्वेच्या बुजविलेल्या खिडकीपाशी गेला आणि तेथे उभा राहिला, जैसे कोणी दाराशी उभे राहून कडी निघण्याची वाट पाहते. चिकाच्या पडद्याआडून एक हुंदका आला, आणखी काही नाही.

गोजराबाई हलली. तिच्या माथ्यावर दिवा लागला आणि तिजबरोबर चालला, आणि सर्वांनी पाहिले की म्हातारपण चढत चाललेली एक बाई, एक खांदा पडलेला, सावकाश जाते आहे. खिडकीपाशी दोन उजेड शेजारी जाहले. तिने विटांवर तळवा ठेविला आणि वळून, मुजरा न करिता, साध्या घरच्या आवाजात म्हणाली, "दादा वारले. आज तीन दिवस झाले. पहार आणा कुणीतरी."

एवंच, दिव्यांचे राज्य सात वर्षे चालले. हा कागद लिहून पूर्वेच्या खिडकीत उन्हात वाळत ठेविला आहे.