चांदण्यांची रोवणी

चला, डोळ्यांपुढं एक बांधी आणा. बांधी म्हणजे धानाच्या शेताचा एक तुकडा, चारही बाजूंनी मातीच्या धुऱ्यानं अडवलेला. आत गुडघाभर चिखल आहे, आणि बाया एका ओळीत वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवत मागं मागं सरकताहेत. दिसलं? आता ती बांधी काळी करा आणि भिंतीसारखी उभी करा. झाला कॉम्प्युटरचा पडदा!

कुरखेड्याच्या पुढं, डांबरी रस्ता जंगलात शिरून अरुंद होतो तिथल्या एका शाळेत धनराज गुरुजी मुलांना कॉम्प्युटर असाच शिकवायचे. त्यांना दुसरा इलाजच नव्हता. कोणत्या तरी ऑफिसात नवीन कॉम्प्युटर आले म्हणून तिथले जुने पाच या शाळेच्या वाट्याला आले होते. माउस एकाचाही चालत नव्हता. चित्र नाही, गाणं नाही, बोटानं सरकवायचं काही नाही. काळा पडदा आणि कीबोर्ड, एवढाच संसार.

"वरून खाली पंचवीस ओळी, डावीकडून उजवीकडं ऐंशी घरं," गुरुजी सांगायचे. "आधी लोकेट म्हणायचं, म्हणजे कितव्या ओळीत, कितव्या घरात जायचं ते. मग प्रिंट म्हणायचं, म्हणजे तिथं काय रोवायचं ते. बस, रोवणी सुरू!"

त्या जुन्या कॉम्प्युटरला मराठी येत नव्हतं. मग मुलांनी कीबोर्डावरची चांदणीची खूण घेतली, तिला हिरवा रंग दिला आणि चांदण्या जवळजवळ रोवून मराठी अक्षरं उभी करायला सुरुवात केली. नुकतीच गावातली रोवणी आटोपली होती, त्यामुळं हात बसलेलाच होता.

सातवीतल्या दिव्यानीला या खेळाचं असं वेड लागलं, की ती शाळेचं फाटक उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसायची. तिची आजी रंभाबाई शाळेतच पोरांची खिचडी शिजवायची. ती म्हणायची, "हे पोरगी घरी झाडू मार म्हटलं का आयकत नाई, अन् इथी कुलपाच्या आधी हजर!"

आणि मग निरोप आला. शनिवारी तालुक्याहून बोरकुटे साहेब तपासणीला येणार होते. सोबत रिकामी गाडीही येणार होती. ज्या शाळेत कॉम्प्युटर नुसते पडून आहेत, तिथले उचलून रस्त्यावरच्या मोठ्या शाळेत न्यायचे, असं ठरलं होतं. दोन शाळांमधले तर गेलेही होते.

दिव्यानीनं त्या दिवशी खिचडी अर्धीच खाल्ली.

"घाबरायचं नाही," गुरुजी म्हणाले. "आपले पडून नाहीत हे दाखवायचं. साहेब आले, की पडद्यावर भलं मोठं 'स्वागत' आलं पाहिजे."

रोवणीत जशी एकेका बाईला एकेक पात, म्हणजे बांधीची एक उभी पट्टी, वाटून देतात, तशा गुरुजींनी पडद्याच्या पाच पाती पाडल्या. पहिली दिव्यानीला, शेवटची रंजीताला, मधल्या तीन आदेश, राजदीप आणि अश्वजितला. ज्याच्या पातीत अक्षराचा जो तुकडा येईल, तो त्यानं रोवायचा. गुरुवारी 'स्वागत' तयार झालं. गुरुजींनी पोरांची पाठ थोपटली. बक्षीस म्हणून त्यांना एक नवी युक्तीही शिकवली: एकदाच सांगायचं, आणि कॉम्प्युटर तेच काम सांगू तितक्या वेळा करतो. म्हणजे एका हुकमात चांदण्यांची अख्खी रांग!

तिथंच घोटाळा झाला.

शुक्रवारी दुपारी गुरुजी साहेबांसाठी नारळ आणायला कुरखेड्याला गेले. रंजीताला ताप आला म्हणून ती घरीच होती. बाकीची चौघं सरावाला थांबली. आपापली पातच तेवढी पडद्यावर आणायची आणि तपासायची, असं गुरुजींनी सांगून ठेवलं होतं. दिव्यानी आपली पात तपासत होती तेवढ्यात रंभाबाई पदराला हात पुसत आत आली.

"हे तुही पात होय?"

"हो, आजी."

"अन् एवढी मोकळी काऊन?"

"ते अक्षर होय आजी. अक्षरात मोकळं ठेवा लागते."

"मले नको शिकवू. मी इतक्या बांध्या रोवल्या. इथी पाह्य, म्हैस बसन एवढी जागा सोडली तुनं! उद्या सायेब येतीन. ते का म्हणतीन, का रंभाची नात अशीच रोवते?"

याचं तुम्हाला हसू येईल असं वाटतं, पण त्या भागात पातीत मोकळी जागा सुटणं म्हणजे मोठी नामुष्की. धुऱ्यावरून जाणारा येणारा टोमणा मारतो. रोवणी झाली की बाया पुन्हा एक चक्कर टाकतात आणि सुटलेल्या जागी पऱ्हे खोचतात. त्याला नांग्या भरणं म्हणतात. आजी गेल्यावर दिव्यानी आपल्या पातीकडं बघत राहिली. अक्षराभोवती खरंच फार उघडं दिसत होतं. अगदी कडेला, थोड्याशाच नांग्या भरायला काय हरकत आहे? तिनं कडेला एक रांग रोवली. बरी दिसली. मग आणखी दोन.

आदेशनं ते पाहिलं. "अरे वा! तुही पात हिरवीगार, अन् माही उजाड? मले का लाज नाई?" त्यानं चार रांगा टाकल्या. नवी युक्ती हाताशी होतीच. राजदीपनं सहा टाकल्या. अश्वजित जरा विचार करणारा पोरगा. तो म्हणाला, "गुरुजीले विचारू का?" पण गुरुजी कुरखेड्यात नारळ वाजवून बघत होते. त्यानंही हात धुऊन घेतले. मग दिव्यानीनं आणखी, आदेशनं त्याहून जास्त, असं करता करता चौघांच्या पातीत एकही नांगी उरली नाही.

"आता रंजीताचीच उघडी राह्यली," दिव्यानी म्हणाली.

"बिचारी तापानं पडली," आदेश म्हणाला. "तिले काऊन बोल लागावा? आपणच भरून देऊ."

आणि चौघांनी मिळून मोठ्या मायेनं रंजीताची पातही भरून दिली आणि सगळं कॉम्प्युटरात साठवून ठेवलं. पाचही पाती एकत्र करून एकदा बघावं म्हणून दिव्यानीनं हात पुढं केला, तोच लाइट गेली. ती शनिवारी सकाळीच आली.

शनिवारी बोरकुटे साहेब आले. उंच, चष्म्याचे, घाईत असलेले. मागं गाडी, आणि गाडीत दोरखंड घेऊन बसलेला ड्रायव्हर लहानू. गुरुजींनी नारळ दिला, खुर्ची दिली, आणि दिव्यानीला खूण केली. दिव्यानीनं कळ दाबली.

पडदा वरून खाली हिरवा होत गेला. धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत चांदण्याच चांदण्या. एक घर रिकामं नव्हतं.

साहेब खुर्चीतून पुढं वाकले.

"गुरुजी, हे काय होय?" साहेबांनी विचारलं.

"हे... स्वागत होय, सर."

"कोणाचं?"

"आपलंच."

"मला तर कुठं दिसून नाई राह्यलं."

गुरुजींनी चष्मा पुसून पाहिला. पडदा तसाच. ते मुलांकडं वळले. "हे कोणी केलं रे?"

"मी थोडंसंच भरलं, गुरुजी," आदेश म्हणाला.

"मीबी थोडंसंच," राजदीप म्हणाला.

"म्या तर सगळ्यात कमी," अश्वजित म्हणाला.

दिव्यानी कीबोर्डाकडंच बघत म्हणाली, "अन् रंजीताची... उघडी दिसत होती..."

दारात झारा घेऊन उभी असलेली रंभाबाई मात्र खूश होती. "पण कशी भरून आली पाहा बांधी! एक नांगी काढून दाखवा सायेब!"

साहेबांनी मान हलवली. "मशीन बिघडली आहे, गुरुजी. बिघडलेली ठेवून तुम्ही तरी काय करता? तिकडं दुरुस्त करून घेतील. लहानू, घे भरायला."

लहानू आत आला आणि कडेच्या कॉम्प्युटरच्या वायरी काढायला लागला. गुरुजींनी घाईनं आधीच्या सगळ्या हुकमांची यादी पडद्यावर आणली. पण कोणता हुकूम अक्षराचा आणि कोणता मायेचा, हे त्यात कुठं लिहिलेलं होतं? बाहेर गाडीत पहिला कॉम्प्युटर ठेवल्याचा आवाज आला.

दिव्यानी पुढं झाली. "गुरुजी, निंदून टाकू का?"

"काय?"

"गवतासारखं. जिथी नाई पाह्यजे तिथी जायचं, अन् चांदणीच्या जागी रिकामं रोवायचं. माही पात मले पाठ हाये."

गुरुजी खुर्चीवरून उठले.

दिव्यानी बसली आणि तिनं हिरवा पडदा परत आणला. लोकेट, प्रिंट, रिकामं. लोकेट, प्रिंट, रिकामं. मग तिला नवी युक्ती आठवली आणि एकेका हुकमात रांगच्या रांग उपटून निघायला लागली. काळी माती दिसू लागली, आणि त्या मातीत उभा राहिला स्वा चा डावीकडचा तुकडा.

दाराकडं निघालेले साहेब थांबले. "हे काय करून राह्यली पोरगी?"

"निंदण, सायेब," रंभाबाई जरा पडेल आवाजात म्हणाली. आपण काय करून बसलो, हे आत्ता तिच्या लक्षात यायला लागलं होतं.

साहेब दोन पावलं जवळ आले. "तशी दाटच झाली होती. एवढं दाट रोवल्यावर फुटवे कुठून येतीन?" मग आपण काय बोललो हे ध्यानात येऊन त्यांनी घसा खाकरला. साहेब सिंदेवाहीकडचे. ऑफिसात बसायला लागण्याआधी त्यांनीही धानाचा चिखल तुडवला होता.

दिव्यानीची पात झाली. आदेश बसला, मग राजदीप, मग अश्वजित. लहानू दुसऱ्या कॉम्प्युटरला हात घालून उभा होता. "सायेब, भरू का?"

"अं? थांब जरा."

चार पाती स्वच्छ झाल्या. पाचवी तशीच हिरवीगच्च उभी होती. दिव्यानीनं इकडंतिकडं पाहिलं. गावाकडं एखादी मजूरबाई आली नाही, की धुऱ्यावर जो मोकळा उभा असेल त्याला खाली बोलावतात. त्यात लहानमोठं बघत नाहीत. वर्गात मोकळं कोण उभं होतं? दिव्यानीला तरी एकच माणूस दिसला.

"सायेब," ती म्हणाली, "रंजीता नाई आली. तिची पात तुमी घ्या ना."

गुरुजींनी डोळे मिटून घेतले. रंभाबाईनं झारा तोंडावर धरला.

साहेबांनी घड्याळ पाहिलं, दाराकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं. मग त्यांनी बाह्या वर केल्या आणि ते पोरांच्या त्या बुटक्या खुर्चीवर बसले. गुडघे टेबलाला लागले. "कुठून धरू?"

"इथून, सायेब. लोकेट. मग ओळ. मग घर."

एका बोटानं, कळ शोधून शोधून, साहेब निंदायला लागले. पहिली चांदणी गेली तेव्हा ते स्वतःशीच हसले. दुसऱ्या रांगेला त्यांनी कोट काढून गुरुजींच्या हातात दिला. घाम आला होता. पोरं चारी बाजूंनी ओरडत होती. "ते नाई सायेब, ते त चं पोट होय!" "खाली, खाली!" "अजून एक राह्यली कोपऱ्यात!"

"सायेब," लहानू पुन्हा दारात आला, "ऊन वाढून राह्यलं. बाकीचे भरू का नाई?"

साहेबांनी मागं वळूनही पाहिलं नाही. "थांब ना बे! माही पात राह्यली!"

शेवटची चांदणी गेली. साहेबांनी हात वर केले. पोरांनी एकच गिल्ला केला. काळ्याभोर पडद्यावर हिरवं 'स्वागत' उभं होतं. आता घाईघाईत साहेबांनी त च्या डोक्यावरची आडवी रेघही गवत समजून उपटून टाकली होती. बाकीची अक्षरं पागोटं घातलेली आणि शेवटचं बोडकं. गुरुजींना ते दिसलं. पोरांनाही दिसलं. आदेशनं तोंड उघडलं, तेव्हा दिव्यानीनं त्याच्या पायावर पाय दिला.

"कसं झालं?" साहेबांनी विचारलं.

"लय मस्त, सायेब," दिव्यानी म्हणाली.

साहेबांनी कोट घातला आणि बाहेर जाऊन लहानूला म्हणाले, "भरलेला उतरव. इथले कॉम्प्युटर पडून नाईत."

"तुमाले कोणं सांगितलं?"

"सांगते कोण? मी सोता चालवून आलो ना!"

रंभाबाईनं साहेबांना आग्रह करून खिचडी वाढली. कॉम्प्युटर उतरला, पुन्हा जागेवर बसला. साहेब निघाले, तेव्हा सगळी शाळा फाटकाशी उभी राहिली. दिव्यानी सगळ्यांच्या पुढं, हात जोडून. गाडी सागाच्या झाडांमागं दिसेनाशी होईपर्यंत ती तशीच उभी होती, अगदी सभ्य.

मग ती आत धावली, खुर्चीत बसली आणि त च्या डोक्यावर साहेबांनी उपटलेली रांग भराभर परत रोवून टाकली.