रातव्याची अकरा घरटी

"माझ्या कुत्र्याला दोरी, आणि त्या रणगाड्याला मोकळं रान!" फाटकावरची पाटी वाचून डोरीन पुटपुटली.

निसर्गावर प्रेम करणाऱ्याला निसर्गात शिरता आलंच पाहिजे, याबद्दल इंग्लंडात दुमत नाही. म्हणून थॉर्नली माळाचे दोन भाग केलेत. कुंपणापलीकडे लष्कर तोफा डागतं. अलीकडे लोक निसर्गप्रेम करतात. (तोफांच्या वेळी लाल निशाण चढतं. प्रेमाला निशाण नाही.) पाटीवर सूचना दोनच: लोखंडी काही दिसलं तर हात लावू नका, न फुटलेला गोळा असू शकतो; आणि मार्च ते जुलै कुत्रा दोरीला बांधा, कारण रातवा हा पक्षी जमिनीवर अंडी घालतो. पहिली सूचना सगळे काटेकोर पाळतात. ती मोडली तर माणसाचा पाय जातो. दुसरी मोडली तर रातवाच जातो.

मुरिएल ही माळाची पक्षी-मोजणीदार, बिनपगारी. रविवारी तोफा गप्प असल्या की लष्कराचा एक हवालदार तिला पलीकडे फिरवून आणायचा. यंदाचा आकडा: पलीकडे अकरा घरटी, अलीकडे शून्य.

माळाची देखभाल करणाऱ्या समितीनं बैठकीत या आकड्यावर सखोल विचार केला. निष्कर्ष: तोफांच्या धसक्यानं आपल्या बाजूचे पक्षी पळाले. (पळून तोफांकडेच का गेले, हे विचारणं असभ्य दिसलं असतं. शिवाय चहा निवत होता.) लष्कराला खरमरीत पत्र लिहून झालं.

टेबलाखाली मुरिएलच्या पावलावर हनुवटी टेकून तिचा कुत्रा पिकल घोरत होता. तेरा वर्षांचा, एका डोळ्यानं अधू. तिच्या घरामागची बाग टेबलक्लॉथएवढी. म्हाताऱ्याला धावायला या माळाशिवाय जागा नव्हती. खरं बोललं तर फाटकाला कुलूप लागणार. गेल्याच महिन्यात, जूनमध्ये, एक घरटं अलीकडेही होतं. त्या संध्याकाळी पिकलच्या मिशांना अंड्यातलं पिवळं लागलेलं तिनं पाहिलं होतं, आणि रुमालानं पुसलंही होतं.

"मोजणीदारांची सही हवी, मुरिएलबाई," अध्यक्ष डेस्मंड पत्र सरकवत म्हणाले. "तुमच्या सहीनं वजन येईल."

"कर गं पटकन," डोरीन म्हणाली. "पाच वाजता माझ्या मॅक्सला माळावर मोकळं सोडायचंय."

मुरिएलनं पेन उचललं, परत ठेवलं. मग खिशातून पिकलची दोरी काढली. कोरी करकरीत, दुकानाची चिठ्ठीसुद्धा अजून तशीच. ती तिनं पत्रावर ठेवली.

"पलीकडे अकरा आहेत," ती म्हणाली, "कारण तिथं आपल्याला जाता येत नाही."