कोरमवाले परब

आमच्या सोसायटीचे चेअरमन परबकाका सभेआधी माणसं मोजतात. कोरम नसेल तर सभा अर्धा तास तहकूब करायची आणि मग त्याच जागी, त्याच सात माणसांत सगळं मंजूर करून टाकायचं, ही मुलुंडभरची सुखाची रीत. काकांना ती मान्य नाही. त्या अर्ध्या तासात ते दोन्ही विंगचे जिने चढतात आणि दारं वाजवतात. "आंघोळ नंतर कर रे, आधी मत दे!" एकदा तर अय्यरमामींना त्यांनी हातातल्या कुकरसकट खाली आणलं होतं.

मी सेक्रेटरी. म्हणजे नोटीस मराठी, हिंदी, गुजराती आणि तमिळमध्ये लावायची जबाबदारी माझी. जिन्याला कुठला रंग द्यायचा यावर तीन सभा झाल्या, रंग अजून ठरलेला नाही. खरं सांगतो, मला या लोकशाहीचा मनापासून कंटाळा आलाय.

अशात बी विंगने वेगळी सोसायटी मागितली. सुकी मासळी, नवरात्रीचा स्पीकर, लॉबीतली ओणमची फुलं, सगळ्यावरून भांडून झालं होतं. "दुश्मनी नाय काका," बी विंगचे शहाभाई म्हणाले, "पण रोजची कटकट नको ना यार." काकांचा चेहरा उतरला. ही बिल्डिंग एकत्र ठेवण्यात त्यांचा जीव अडकलेला.

रविवारी पार्किंगमध्ये सभा भरली. कधी नव्हे ते कुणाचंही दार वाजवावं लागलं नाही. चौतीस घरं, चौतीस चिठ्ठ्या. मीच उघडल्या. सतरा-सतरा!

अशा वेळी चेअरमनचं जादा मत चालतं. मी हुश्श केलं. काकांनी एक शब्द बोलायचा, बिल्डिंग वाचणार आणि मी घरी जाऊन जेवणार. काका उठले. "हे मत मी वापरणार नाय. पुढच्या महिन्यात परत बसू. तोपर्यंत एकमेकांशी बोला."

सगळे गेल्यावर खुर्च्या उचलताना माझं डोकं फिरलं. "काका, जिंकला होतात तुम्ही! आता शहाभाई महिनाभरात दोन घरं सहज फोडतील. वाट लागली."

"लागांदे," म्हणत ते बसले. वैतागले की ते मालवणीत शिरतात, पण हा आवाज वैतागाचा नव्हता.

"आमच्या चेडवान केरळातलो मुलगो पसंत केल्यान. घरात आम्ही चार माणसां. बायल होय म्हणत होती, झील, चेडवाचो भाव, तोय होय म्हणत होतो. मी कोणाक इचारलंयच नाय. घरात मोठो मी, नाय सांगून मोकळो झालंय."

"मग मुलीनं काय केलं?"

"मग काय रे? ता घर सोडून गेला. बारा वर्सां झाली, माझो फोन घेणा नाय."

मी हातातली खुर्ची परत मांडून त्यांच्यासमोर बसलो.

"त्या दिवशी घरात मतां घेतली असती," काका म्हणाले, "तर तीन विरुद्ध एक, मी हरलो असतंय." मग उठता उठता, "काय बरो हरलो असतंय रे."