सहाव्या वजनाच्या टेकडीची मोहीम

तमाम जाणते, नेणते, हजर, गैरहजर आणि हजेरी लावून पसार जाहलेले, या सर्वांस जाहीर व्हावे ऐसे की, तंत्रविद्यापीठाच्या मुलखात दुसऱ्या वर्षाच्या फौजेत टेकडीची जी मोहीम जाहली, तिची हकीकत ज्याने त्याने आपल्या सोयीने सांगोन मूळ गोष्ट नजरेआड होऊ लागली, सबब आरंभापासोन शेवटपर्यंत जैसे घडले तैसे येथे लिहिले आहे. पदरचे काही घातले नाही.

प्रथम मुलखाची रीत सांगणे जरूर. यंत्रशाखेचे पथक बहात्तर शिलेदारांचे. त्यांस सहामाहीत दहा प्रयोग करोन, जर्नलात लिहोन, प्रत्येकावर खाशांची, म्हणजे प्राध्यापकसाहेबांची, सही घेणे प्राप्त. एक सही चुकली तर टर्म नामंजूर, टर्म नामंजूर तर परीक्षा बंद, आणि परीक्षा बंद तर अख्खे वर्ष बुडाले. कायदा ऐसा कडक, परंतु त्यास पळवाटही तैसीच रुंद होती. मागील पथकातील एका हुशार शिलेदाराचे जर्नल वसतिगृहात वारशाने येत असे, त्यास मूळ प्रत म्हणत. सबमिशन आठ दिवसांवर आले की मूळ प्रतीचे टाके उसवीत, खानावळीच्या एकेका मेजावर एकेक प्रयोग मांडीत, आणि मग सारी फौज मेजामागोन मेज सरकत दहाही प्रयोग तीन तासांत सर करीत असे. यंत्रांस कोणी तोशीस देत नसे. ती ताडपत्रीखाली सुखरूप होती.

त्यात नववा प्रयोग तुळईचा. लोखंडी पट्टी दोन टोकांस टेकवावी, मधोमध एकामागोन एक दहा वजने टांगावी, पट्टी किती वाकली ते काट्यावर वाचावे आणि आलेख काढावा. आलेख म्हणजे सरळ रेघ. परंतु मूळ प्रतीत सहाव्या वजनापाशी ती रेघ अकस्मात उचलोन टेकडी जाहली होती, आणि मग काही घडलेच नाही ऐसे दाखवीत पुन्हा सरळ चालू लागली होती. टेकडी कोठून आली हे कोणी पुसले नाही. उलट "सहाव्या वजनास धातूच्या अंतर्गत रचनेत क्षणिक अस्वस्थता निर्माण होते" ऐसे वाक्य निष्कर्षात दरसाल उतरत आले होते, आणि तोंडी परीक्षेत जो ते घडाघडा म्हणेल त्यास पैकीच्या पैकी गुण बहाल होत.

या पथकात एक मुलगी होती. खाटेची लांबी मोजल्यावाचोन तिने चादरदेखील आणली नव्हती, म्हणोन सारे तिला मोजपट्टी म्हणत. तिचे वडील लेथवरचे कसबी कारागीर. त्यांनी लहानपणीच तिच्या हाती व्हर्नियर मापकाटा देवोन ताकीद केली होती की, काटा बोलेल ते लिहावे, आपणांस ऐकावेसे वाटेल ते लिहू नये.

प्रयोगाचे दिवशी पथकाने हजेरीपटावर सह्या ठोकल्या आणि कँटीनच्या रोखाने कूच केले. मोजपट्टीबाई एकट्या मागे राहिल्या, आणि प्रयोगशाळेचे किल्लेदार, म्हणजे परिचर मामा, कुलूप लावू लागले तेव्हा त्यांस आडव्या जाहल्या.

"मामा, तेवढी ताडपत्री काढता का?"

"का गं, खाली काही पडलं का तुझं?"

"प्रयोग करायचाय."

मामांनी चष्मा पुसोन तिला निरखोन पाहिले. "बरी आहेस ना पोरी?"

मग उभयतांनी ताडपत्री ओढली, धुळीचा लोट उठला, मामांस लागोपाठ अकरा शिंका आल्या, आणि धूळ बसल्यावर बाईंनी एकेक वजन चढवीत, काटा वाचीत, तीन तीन वेळा मोजोन आलेख काढला. रेघ सुतासारखी सरळ. टेकडीचा मागमूस नाही.

पुढे सबमिशनचा दरबार भरला. खासे प्राध्यापकसाहेब मेजावर विराजमान जाहले, आणि दर मिनिटास चार जर्नले या वेगाने सह्यांचा मारा सुरू केला. साहेबांची रीत ऐसी की मजकूर पाहत नसत, टेकडी पाहत. टेकडी दिसली की सही. ऐसे एकाहत्तर शिलेदार पार जाहले आणि बहात्तरावे जर्नल पुढे आले, तेव्हा लेखणी अधांतरी थांबली.

"टेकडी कुठाय?"

"आली नाही सर."

"आली नाही म्हणजे? एकाहत्तर जणांना आली, तुलाच बरी नाही आली?"

"सर, मी तीनदा मोजलं."

"मग तीनदा चुकलीस."

आणि फर्मान सुटले की, उद्या तीन वाजेपावेतो टेकडीसह हजर व्हावे, न झालियास टर्म नामंजूर, उजर चालणार नाही.

बाई खोलीवर परतल्या. तेथे मसलतीस त्यांची खोलीसोबतीण होती, जिला साऱ्यांची काळजी वाहण्याच्या सवयीमुळे वसतिगृहात मावशी म्हणत.

"अगं, बोटाच्या पेराएवढी टेकडी. काढ आणि मोकळी हो."

"किती उंच काढू?"

"माझी बघून काढ."

"तू कुठून काढलीस?"

"मूळ प्रतीतून."

"आणि त्यात कुठून आली?"

"आता काय टेकडीची वंशावळ काढणारेस?" मावशी कडाडली. "वर्ष जाईल तुझं! तत्त्वाची हौस नंतर भागव."

बाईंचा धीर सुटला. त्यांनी खोडरबर उचलला आणि सहाव्या वजनापाशी रेघ अर्धी पुसलीही. इतक्यात वडिलांचा फोन आला.

"झाल्या का गं सगळ्या सह्या?"

"एक राहिलीये बाबा. काटा बोलला ते लिहिलं, म्हणून."

पलीकडे लेथची घरघर थांबविली. मग वडील म्हणाले, "पुन्हा मोजून बघ. तरी तेच आलं, तर खोडू नकोस."

बाईंनी पुसलेली रेघ पुन्हा ओढली. आणि मग मावशी रागाने जे बोलली होती, तेच, म्हणजे टेकडीची वंशावळ काढणे, त्यांनी मनसुब्यास घेतले.

दुसरे दिवशी सकाळी मामांकडे स्वारी आली. आधी तुळई पुन्हा मोजली, रेघ पुन्हा सरळ. मग बाईंनी मागील कोठीतील कपाट उघडविले. बाहेरील तपासनीस आले म्हणजे दाखवावयास दरसालचे एक जर्नल त्यात जतन होते. बाई आणि मामा फरशीवर बसले आणि एकेक साल मागे जाऊ लागले. गेल्या साली टेकडी. त्यामागील साली टेकडी. पाच साली, दहा साली, सतरा साली टेकडी, तीच उंची, तीच अस्वस्थता. कोष्टकातील आकडादेखील टेकडीबरहुकूम. मग अठरावे, सर्वांत तळचे जर्नल उघडले. रेघ सरळ होती. फक्त सहाव्या वजनावर चहाच्या थेंबाचा तपकिरी डाग होता. पुढील सालच्या शिलेदाराने इमानाने डागाला वळसा घालोन रेघ नेली होती, आणि मग रेघेस शोभेल ऐसा आकडा कोष्टकात बसविला होता.

"चहा!" मामा म्हणाले. "अठरा वर्षं पोरं चहाची परीक्षा देतायत!" आणि मुखपृष्ठावरील नाव वाचोन त्यांनी चष्मा पुन्हा पुसला. "अगं बाई. हे तर साहेबांचंच. इथंच शिकले ना ते."

तीनास पाच मिनिटे असता बाई दरबारात दाखल जाहल्या. त्यांनी आपले आणि तळचे, ऐसी दोन्ही जर्नले शेजारी शेजारी उघडोन ठेविली. साहेबांनी डाग पाहिला, आपले तरुणपणचे अक्षर पाहिले, नखाने डाग खरवडोन पाहिला.

"हे मी स्वतः मोजलं होतं," साहेब अखेर पुटपुटले. "तेव्हा मोजायचो मी."

"सरळच आलं होतं सर. तुमचंही."

साहेबांनी लेखणी झाडली आणि बाईंच्या जर्नलावर सही केली. झाडतेवेळी शाईचा एक निळा थेंब उडोन तिसऱ्या वजनावर पडला, तो टिपला, तरी ठिपका राहिला. मग साहेबांनी नवे फर्मान लिहविले की, टेकडी आजपासोन रद्द, अस्वस्थतेचे वाक्य रद्द, आणि पुढील सालापासोन साऱ्या फौजेने याच जर्नलावरून उतरवावे.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. शत्रूकडील एक टेकडी जमीनदोस्त, आपल्याकडील अर्धा खोडरबर खर्ची, टर्म मंजूर, वर्ष वाचले. पुढील साली बहात्तर जर्नले आली, बहात्तर रेघा सुतासारख्या सरळ, आणि प्रत्येकीच्या तिसऱ्या वजनावर एक निळा ठिपका. त्याचे कारणही निष्कर्षात सुवाच्य लिहिले होते.

हे वर्तमान मोजपट्टीबाईंस तिसऱ्या वर्षात कळले. त्यांनी कपाळावर हात मारिला, खूप हसल्या, आणि त्या नव्या फौजेस कँटीनच्या वाटेवरोन वळवोन प्रयोगशाळेच्या दारी उभे केले.

"मामा, ताडपत्री."

"पुन्हा?" मामांनी नाकास रुमाल बांधला.

"पुन्हा."

विजयाची नोंद येथे पुरी जाहली, धूळ मात्र अद्याप बसली नाही.